साखराबाईंची सर्पगंधा

"एका पेरावर चार पानं हायत, माय. दोन मोठी, दोन लहान. तूच मोज."

"मी न्हाई मोजणार. तुलाबी मोजू नको म्हणले होते."

"मग वळखायचं कशावरून?"

"तुझ्या आजीनं वळखलं, मी वळखलं. तू दोन वर्षं लातूरच्या कॉलेजात काय गेलीस, घरचंच झाड खोटं ठरवून राहिलीस."

तोडून आणलेली फांदी सुकन्यानं ओसरीवर आईपुढे, साखराबाईंपुढे ठेवली. थोरला भाऊ हरिओम अंगणात काळ्या पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालत होता. झारी न थांबवता तो म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी ट्रॅक्टर येऊन राहिला. सरपंच येणार, वनखात्याची माणसं येणार. आज तुम्हाला पानं मोजायची सुचलीत?"

इस्लापूरच्या वरच्या जंगलातून सर्पगंधा जवळजवळ संपली होती. साखराबाईंच्या बांधावर मात्र ती दाट होती. तिच्या बियांची दोनशे रोपं जंगलात लावायची, असं ग्रामसभेत टाळ्या वाजवून ठरलं होतं.

साखराबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासू कमलम्मा गावाला सर्पगंधेची मुळी द्यायची. धर्माबादकडची बाई, बोलण्यात निम्मं तेलुगू. ज्यांना झोप येत नाही, ज्यांचं डोकं तापतं, ते तिच्या दारात येत. तिनं सुनेला सगळं शिकवलं आणि एक बजावलं: लेकरं, भाकरी आणि औषधाची पानं मोजायची नाहीत. मोजली की गुण जातो. साखराबाईंनी अडतीस वर्षं हे पाळलं. ताटातली भाकरी कितवी हे त्यांच्या घरात आजही कुणी विचारत नाही.

सोळा वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा धरला. डोंगर चढवेना, म्हणून ओढ्याकाठची चार झाडं आणून त्यांनी बांधावर लावली. तीच बारमाही हिरवी पानं, तशीच काळी होत जाणारी फळं, मुळीही कडूच. पुढे कुणी कुणी परत येऊन सांगायचं, "बाई, गुण आला नाही." साखराबाई विचारायच्या, "बांधावर झाडाची पानं मोजली का?" माणूस गोंधळायचा. आपण मोजली असतील, असं त्यालाच वाटू लागायचं.

"माय, हे बाहेरच्या देशातून आलेलं झाड हाय," सुकन्या हळू आवाजात म्हणाली. "सर्पगंधेचं चुलत भावंड म्हण. रस्त्याकडेला, ओढ्याला, कुठंबी येतं. ते वर नेऊन लावलं तर पसरल. मग खरी दोन-चार राहिली असतील ती कोण वळखणार?"

"लावू द्या की," खाटेवरून शेषेराव म्हणाले. "हिरवं हाय ना? वनखात्याला तेवढंच दिसतं."

साखराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या, काठी घेतली. "चल वर," त्या मुलीला म्हणाल्या.

चढायला दोन तास लागले. चार वेळा बसावं लागलं. कमलम्मानं दाखवलेली बांबूखालची घळ साखराबाईंना न चुकता सापडली. पूर्वी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आता सावलीत गुडघ्याएवढी तीन झुडपं होती. एकाला फुलं होती. पांढऱ्या फुलांचा घोस आणि त्याचे देठ लालभडक.

तो लाल रंग त्या विसरून गेल्या होत्या. बांधावरची फुलं बारीक, फिकट यायची. दरवर्षी दिसायचं, आणि दरवर्षी त्या मनाशी म्हणायच्या, माती बदलली म्हणून असेल.

त्या खाली बसल्या. खोडाच्या एका पेरावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "एक. दोन. तीन." वरच्या पेरावर पुन्हा तीन. त्याच्या वरही तीनच. तिन्ही पानं सारखी.

सुकन्या आईशेजारी बसली.

"धर्माबादची गौरम्मा तीनदा आली होती गं," साखराबाई म्हणाल्या. "तुझ्या आजीच्या माहेरची. मुलगा गेला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. तिसऱ्या खेपेला मी तिच्यावर वरडले. म्हणलं, तुझाच इश्वास न्हाई. परत आली न्हाई मग ती."

"तुला ठावं नव्हतं, माय."

"फुलं दिसत होती की मला."



घरी आल्या तेव्हा सून पुनम भाकरी थापत होती. रोपांच्या रांगा दारापर्यंत लागल्या होत्या. "काय निकाल लागला, मॅडम?" हरिओमनं बहिणीला विचारलं. साखराबाईंनी पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं आणि चौकटीशी उभ्या राहिल्या.

"रोपं जाणार न्हाईत. दोनशेच्या दोनशे आज उपटायची, बांधावरचीबी. सरपंचाला तू काही सांगू नको, हरिओम. उद्या ट्रॅक्टरपुढं मीच सांगणार, सोळा वर्षं भलतीच मुळी दिली म्हणून. आन् आजपासून या घरातून कुणाला मुळी मिळणार न्हाई."