सतरा वजनं आणि काउंटरवेट

लिफ्टवाल्यांच्या धंद्यात टोपणनावं सामानाच्या यादीतूनच मिळतात. उंच, लांब मानेच्या वायरमनला ‘केबल’ म्हणायचे, ऑफिसातल्या तोंडाळ बाईला तिच्या पाठीमागे ‘अलार्म’ म्हणायचे, आणि आपल्या या मेकॅनिकला, एकशे बेचाळीस किलोंच्या त्या ऐसपैस देहाला, ‘काउंटरवेट’. लिफ्टची केबिन वर जाते तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचा जो जड ढीग खाली येतो, तो काउंटरवेट. नाव इतकं चिकटलं की तो स्वतःही फोनवर “काउंटरवेट बोलतोय” असंच म्हणायचा. दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, हे जाड माणसं शाळेतच शिकतात.

कामाला मात्र वाघ. मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचा. पण तीन वर्षांपूर्वी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, आत दोन म्हाताऱ्यांबरोबर हा पठ्ठ्याही, आणि तो केबिनच्या छपरातल्या झाकणातून वर चढायला गेला. छाती वर गेली, पोट खाली राहिलं. पाऊण तास तो तसाच. खाली म्हाताऱ्या त्याच्या बुटांशी गप्पा मारत बसल्या. एकीने तर धीर द्यायला घोटाही थोपटला. शेवटी फोरमनने वरून ग्रीसचा डबा रिकामा केला तेव्हा गडी सुटला.

हा फोरमन त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. फोरमन अंगाने काडी, स्वभावाने सुतळी बॉम्ब. दुसऱ्याच दिवशी त्याने काउंटरवेटला स्टोअरमध्ये बसवलं आणि सेफ्टी बेल्टचं लेबल त्याच्या नाकासमोर धरलं.

“वाच. माणूस आणि हत्यारं मिळून शंभर किलो. तू किती? हत्यारं सोडच, नुसता बेल्ट घातलास तरी बेल्ट राजीनामा देईल.”

“इतकी वर्षं चढलोच ना मी?”

“चढलास, आणि इतकी वर्षं खाली माझा जीव टांगणीला. उद्या काही झालं तर मेव्हणीला तोंड कोण दाखवणार? तू?”

काउंटरवेट स्टोअरमध्ये बसला. नट-बोल्ट मोजू लागला, बल्ब देऊ लागला, समोरच्या खुंटीवर स्वतःचा बेल्ट बघू लागला. ज्याने आयुष्य शाफ्टमध्ये काढलं, त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यात दोर तपासत वर वर जाण्यात ज्याचा जीव रमायचा, त्याला खुर्ची म्हणजे शिक्षाच.

वर्षातून एक महिना मात्र त्याला बाहेर काढायचे. तपासणीचा महिना. प्रत्येक लिफ्टमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त वजन झालं की घंटा वाजायला हवी आणि दार उघडं राहायला हवं. ती वाजते का हे बघायला वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं केबिनमध्ये रचायची. सहा माणसांच्या लिफ्टला चारशे ऐंशी किलो, म्हणजे चोवीस वजनं, आणि वर थोडा भार. आता चोवीस वजनं व्हॅनमधून उतरवून आत रचायची आणि पुन्हा चढवायची, म्हणजे कंबरडं मोडायचं काम. तेव्हा फोरमनने युक्ती काढली होती: वजनं सतरा, आणि त्यांच्यावर काउंटरवेट. तीनशे चाळीस आणि एकशे बेचाळीस, चारशे ब्याऐंशी. घंटा हमखास वाजणार! नियमात हे बसत नव्हतं, पण कंबरेत बसत होतं.

गेल्या वर्षीच्या हंगामात फोरमनने वजनांच्या पेटीच्या झाकणावर मार्करने ते लिहूनच टाकलं: ‘सहा माणसांची – १७ + काउंटरवेट’. सगळे पोट धरून हसले. काउंटरवेटही हसला. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते त्याला लागलं. चढायला आपण नको, ठोकळा म्हणून उभं राहायला हवे. माणसांच्या यादीतून आपलं नाव गेलं आणि सामानाच्या यादीत आलं, हे त्याला झाकणावर लिहिलेलं दिसलं.

“शंभरच्या आत आलो तर?” त्याने साडूला विचारलं.

फोरमनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला बराच वेळ लागला. “पुढच्या तपासणीपर्यंत ये. हत्यारांसकट शंभर. मी स्वतः बेल्ट चढवीन तुझ्या अंगावर. नाही आलास तर मात्र स्टोअर कायमचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या आणि केटोचा तक्ता हातात ठेवला. अंडी, मासे, चीज, लोणी, पालेभाज्या, बदाम चालतील. साखर नाही, बटाटा नाही, भात नाही, पाव तर मुळीच नाही. दर महिन्याला येऊन दाखवायचं, मनाने गोळी सोडायची नाही.

इथेच घोडं अडलं. कारण काउंटरवेटच्या बायकोची बेकरी होती. घराच्या खालच्या मजल्यावर भट्टी, वरच्या मजल्यावर संसार, आणि पहाटेपासून जिन्यातून वर येणारा ताज्या पावाचा वास. लग्न ठरलं तेही त्या पावावरच. तो बेकरीची माललिफ्ट दुरुस्त करायला आला होता आणि एका बैठकीत अख्खा पाव फस्त करून बसला होता. तिने तेव्हाच ठरवलं, हाच.

“म्हणजे सगळ्या गल्लीने माझ्या हातचं खायचं आणि माझ्या नवऱ्याने तोंड फिरवायचं?” ती म्हणाली. “लोणी चालतं, आणि लोणी लावायला पाव चालत नाही? हे कुठलं डॉक्टरी शास्त्र?”

“अगं, वर्षभर फक्त.”

“नव्याचे नऊ दिवस! मागे ते काकडीचं झालं, तो सूप-सूप म्हणून महिना झाला. दहाव्या दिवशी भट्टीपाशी चोरून कोण उभं होतं?”

तिचं खोटं नव्हतं. आणि यावेळचे नऊ दिवस तर भलतेच वाईट गेले. डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, तोंडाला असा वास की स्टोअरच्या खिडकीत माणसं दोन पावलं मागे उभी राहून बल्ब मागायची. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजून मिठाचं पाणी वाढवायला सांगितलं. दहाव्या पहाटे तो खरंच भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. बायको कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. तो पाच मिनिटं उभा राहिला, नाकभर वास घेतला आणि वर जाऊन तीन अंडी उकडली.

त्या आठवड्यात बायकोने बदामाच्या पिठाचा आणि अंड्यांचा पाव करून बघितला. पहिला इतका भयंकर झाला की दाराला अडसर म्हणून ठेवता आला असता. त्याने तो सगळा खाल्ला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चौथा जमला. त्या दिवसापासून ती त्याच्या बाजूची झाली, आणि एकदा बाजूची झाली म्हटल्यावर गल्लीत कोणाची टाप नव्हती. “काय हो, मिस्टर आजारी आहेत का? फार उतरलेत,” असं कोणी कुजबुजलं की ती ठसक्यात सांगायची, “आजारी होते. आता बरे होतायत.”

आठ महिन्यांत एकशे सातपर्यंत आला. आणि तिथे काटा थांबला. पुढच्या भेटीतही एकशे सात. काउंटरवेटचा धीरच सुटला. इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, की आपलं शरीर आपल्याला शेवटी दगा देतं. तक्त्याचं खाणं त्याने सोडलं नाही, पण काटा सोडला. दवाखान्यात जायचा, रक्त द्यायचा, रक्तदाब मोजून घ्यायचा, आणि नर्सने काट्याकडे बोट दाखवलं की लहान मुलासारखा हात मागे बांधून उभा राहायचा. घरातला काटा त्याने कपाटावर उलटा टाकला. कपडेही जुनेच. नवे शिवले आणि पुन्हा फुगलो तर, या भीतीने तो त्याच जुन्या डांगरीला कमरेत दोरी बांधून फिरत होता. तीन महिने असे गेले. खुंटीवरच्या बेल्टकडे तो आता बघतही नव्हता.

आणि तपासणीचा महिना उजाडला.

पहिलीच लिफ्ट सार्वजनिक वाचनालयाची, सहा माणसांची. दारावर ‘लिफ्ट बंद आहे’ची पाटी लागली. फोरमनने झाकणावरचं वाचलं आणि सवयीने ओरडला, “सतरा काढा रे, आणि तू चढ.” वायरमन केबलने सतरा वजनं आत रचली. काउंटरवेट, तोही सवयीनेच, दारातून तिरका होऊन आत शिरला आणि वजनांवर उभा राहिला.

घंटा वाजली नाही. दार शहाण्यासारखं मिटू लागलं.

“मेला वाटतं सेन्सर,” फोरमन म्हणाला.

मग जी काय धांदल उडाली ती विचारू नका. फोरमन बेल्ट चढवून केबिनखालच्या खड्ड्यात उतरला, केबिनच्या तळाचा सेन्सर उघडला, तार तपासली, साफ केली, पुन्हा जोडली. घंटा नाही. केबलने घंटाच काढून बॅटरीवर वाजवून बघितली. ठणठणीत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. एक तास झाला. मुख्य म्हणजे काउंटरवेटही आतून सेन्सरच्या कंपनीचा उद्धार करत होता, “आजकालचा माल म्हणजे नुसता पत्रा!” वर्षभर पावाच्या वासासमोर अंडी खाल्लेला हा माणूस, शेवटचं वजन एकशे सात हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला, पण त्याच्याही डोक्यात तो अजून एकशे बेचाळीसच होता. झाकणावर तसंच लिहिलं होतं ना!

“तार बरोबर, सेन्सर बरोबर, घंटा बरोबर,” खालून फोरमन वैतागून ओरडला. “सेन्सरचा स्क्रूच आवळतो आता. वाजेपर्यंत आवळतो.”

केबिनच्या मागच्या भिंतीला आरसा होता. काउंटरवेट सहसा लिफ्टच्या आरशाकडे पाठ करून उभा राहायचा. आता कंटाळून वळला, आणि त्याला कमरेची दोरी दिसली. दोरीच्या वर डांगरीच्या चुण्या, पडद्यासारख्या.

“साडूभाऊ, स्क्रूला हात लावू नका!”

“का? काय झालं?”

“वजन चुकलंय.”

“सतरा मोजलीत मी स्वतः!”

“ती सतरा बरोबर आहेत हो,” काउंटरवेट म्हणाला. “चुकलंय ते मी.”

फोरमन खड्ड्यातून वर आला, हातभर काळा, आणि त्याने साडूकडे बघितलं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही. तो पहिल्यांदाच बघत होता.

“उतर खाली,” तो म्हणाला. “केबल, व्हॅनमधली सगळी वजनं आण. आज नियमाने करू.”

चोवीस वजनं रचली. घंटा गप्प. चोविसांवर फोरमनने हत्यारांची पाच किलोंची पिशवी ठेवली आणि घंटा अशी ठणाणली की वाचनालयातली माणसं जिन्यात आली. म्हणजे सेन्सर चोख होता, चारशे ऐंशीच्या वर बोंबलायचं हे त्याला नीट माहीत होतं. फोरमनने पिशवी उचलली, पाच वजनं बाहेर काढली. आत राहिली एकोणीस. तीनशे ऐंशी.

हिशेब तिघांनाही कळला. उरलेले शंभर.

“चढ,” फोरमन म्हणाला.

काटा काउंटरवेटने तीन महिने टाळला होता, आणि आता अख्खी लिफ्टच काटा होऊन समोर उभी होती. त्याने एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. डोळे मिटले.

घंटा वाजली नाही.

“आता ही घे,” म्हणून फोरमनने हत्यारांची पिशवी त्याच्याकडे दिली. काउंटरवेटने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. फोरमन घंटेकडे असा बघत होता की वाजलीस तर याद राख. पाच आकडे मोजून झाले. दहा झाले. आणि केबिनचं दार आपणहून, हळूच मिटू लागलं.

फोरमनने दारात हात घातला. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. साडूला स्टोअरमध्ये बसवलेलं तीन वर्षं त्यालाही टोचत होतं, फक्त सांगायची सोय नव्हती. त्याने स्वतःच्या अंगावरचा बेल्ट सोडला आणि बोलल्याप्रमाणे साडूच्या अंगावर चढवला, खांद्याचे पट्टे, मांड्यांचे पट्टे, एकेक ओढून बघत. थोडे सैल करावे लागले. फोरमन काडी होता ना.

“जा,” तो म्हणाला. “छपरावरचा दोर तपासून ये. बघतो अजून येतं का काही.”

वजनं बाहेर काढली, शिडी लावली, छपराचं झाकण उघडलं. काउंटरवेट चढला. डोकं वर गेलं, खांदे गेले, छाती गेली. तिथे त्याने सवयीने श्वास आत ओढला, कोपरं अंगाशी घेतली आणि अडकायची वाट बघितली.

वाट बघता बघता तो वर येऊन बसलासुद्धा.

वर तोच अंधार होता, तोच तेलाचा वास, उंच गेलेले तेच चार दोर. त्याने एका दोरावर तळहात ठेवला. डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण तिथे बघायला कोणी नव्हतं.

“काय रे, अडकलास का?” खालून फोरमन ओरडला.

“नाही,” तो म्हणाला, आणि मग उगीचच पुन्हा म्हणाला, “नाही हो.”

खाली फोरमनने खिशातून रुमाल काढला, त्यावर थुंकला आणि पेटीच्या झाकणावरचं ‘काउंटरवेट’ घासून पुसायला बसला. मार्कर पक्का होता, निघता निघत नव्हता. तो दात-ओठ खाऊन घासत राहिला.