फोटो झाला, सोडा श्वास!

आमच्या एक्स-रेच्या खोलीत एक झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. फोटोच्या टायमाला लोकं करगोटा, किल्ल्या, सेफ्टी पिना त्यात काढून ठेवतात अन् तशीच विसरून जातात. डबा गच्च भरलाय. किश्श्यांचंबी तसंच. माणूस घरी जातंय, किस्सा इथंच ऱ्हातोय!

माझं काम म्हणजे पेशंट उचलायचं, मशीनपुढं उभं करायचं. फोटो काढतात शबाना मॅडम. मंग डाक्टर कॉम्प्युटरवर रेघा मारून मोजतात, कंबरेचं हाड किती तिरपं, मणका किती वाकलाय.

तुम्हाला म्हणून सांगतो, माझीबी कंबर धरती. पण बोलत नाय. डाक्टरला कळलं तर उचलायचं काम बंद, मला घरी बसवतील. घरी कुणाची चेष्टा करू? बायकोची? हिंमत नाय!

*

फर्दापूरचं एक म्हातारं आलं. गुळगुळीत दाढी, मिशाला तेल, नवाकोरा फेटा.

"आजोबा, फोटो कंबरेचा आहे. तोंड येत नाय त्यात."

"मंग सकाळधरनं न्हाव्यापुढं कशाला बसलो रं मी?"

मला दया आली. म्हणलं, "तरी हसा जरा." म्हातारं दात काढून हसलं. फोटो आला तर म्हणतंय, "हसलेलं कुठं दिसतंय?"

मी खालच्या मणक्यावर बोट ठेवलं. "हे काय, इथं!"

म्हातारं चष्मा लावून लई येळ बघत बसलं. म्हणलं, "व्हय की!"

*

मुकुंदवाडीचा एक गवंडी. डाक्टरनी त्याच्या फोटोवर मानेपासनं सरळ खाली रेघ सोडली, कंबरेच्या कुठं पडती ते बघाया.

गवंडी खुर्चीतनं उठलाच. "सायेब, हा तर आमचा भिंत मापायचा ओळंबा!"

"तेच समजा."

"मंग भिंतीला काय बघताय? पाया कललाय तुमचा!"

डाक्टरनी परत मोजलं. खरंच, गवंड्याचं कंबरेचं हाडच मागं कललं व्हतं. तवापासनं डाक्टर समद्या पेशंटला ओळंबा समजावतात. गवंड्याचं नाव मात्र घेत नायत!

*

कन्नडच्या शेवंताबाई आल्या. व्हरांड्यात मांडीवर हात टेकून, वाकून चालत व्हत्या. मशीनपुढं गेल्या की खांबासारख्या ताठ! दोन फोटो काढले, दोन्हीत कंबर येगळी. डाक्टर मॅडमवर चिडले.

मला नवल वाटलं. नीट बघितलं, तर बाईनं गुडघं वाकवलेले, पोट आत वढलेलं, श्वास कोंडलेला. हळूच म्हणल्या, "दादा, सरळ फोटो आला की आपरेशन टळतंय ना?"

आता लबाड माणूस लबाडाला वळखतोच. मी मॅडमला डोळा मारला अन् वरडलो, "झाला फोटो, मावशी! सोडा श्वास!"

"आई गं!" म्हणून बाई जशा घरी वाकतात तशा वाकल्या. मशीन वाजली, खट्!

खरा फोटो बघून डाक्टर म्हणले, "आधी व्यायाम करा, आपरेशनचं मागून बघू." जाताना शेवंताबाईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. लागला पण!

*

अन् परवा. एका पैलवानाला टेबलावरनं उचललं अन् मी तसाच ऱ्हायलो. ना वर, ना खाली.

"काका, या मशीनपुढं," मॅडम म्हणल्या.

"कशाला? उसण भरली जरा."

"डाक्टरनी सांगितलंय."

म्हणलं, आपुन कच्चं नाय. फोटोला लावाया सांगतो तशा मुठी खांद्याला लावल्या, गुडघं बारीक वाकवलं, पोट आत, श्वास बंद. तोंड भिताडाकडं. मनाशी ठरवलं, मॅडम कायबी बोलू दे, मशीनचा खट् ऐकल्याबिगर हलायचं नाय.

"झाला, काका."

मी हललो नाय.

"काका, झाला म्हणते ना!"

मी मनातल्या मनात हसलो. माझीच शाळा मला?

थोड्या येळानं आलाच आवाज. खट्!

जितलो! श्वास सोडला, गुडघं सोडलं, "आई गं" म्हणून पार वाकलो.

वळून बघतो तर काचेमागं मॅडमच्या एका हातात पिनांचा डबा, नुकतंच झाकण लावलेला. अन् दुसरा हात बटणावर.

खट्!