उशिराचे वेगळे

सुनेच्या ऑफिसचा नवा नियम ऐकून हॅलोबाईंना राग आला नाही. राग आला तो नंतर.

"उद्यापासून रोज ऑफिसात," सून जेवता जेवता म्हणाली. "घरून काम बंद. दारात कार्ड लावायचं, तास भरले नाहीत तर रजा कापणार."

"मग काय झालं? आई आहे ना," लेक म्हणाला आणि त्यानं भाजीचं भांडं पुढे ओढलं.

आई आहे ना! पंखा आहे, कपाट आहे, तशी आईही आहे. लेक गावोगाव फिरून पंप विकायचा. तू पोराकडे बघशील का, हे त्यालाही कुणी विचारलं नाही, पण त्याला न विचारणं वेगळं.

हॅलोबाई हे नाव टेलिफोन एक्स्चेंजमधलं. तरुणपणी त्यांचा "हॅलो" असा गोड होता, की माणसं पुन्हा ऐकायला चुकीचा नंबर मागत. मग हा लेक झाला. "मी माझी पोरं वाढवली, मला आता झेपणार नाही," म्हणून सासूनं हात वर केले आणि नोकरी गेली. तेवढं नाव मागे राहिलं. पुढे लेक, मग दिराच्या दोन मुली, मग नवऱ्याचं आजारपण आणि आता तीन वर्षांचा नातू. सगळं निमूट केलं असं मात्र नाही, कुरकुर भरपूर केली. लेक त्यांना नकारघंटा म्हणायचा. उभ्या जन्मात त्यांनी कशालाही नकार दिला नव्हता, तरी.

सुनेनं साहेबाकडे आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची सवलत मागून पाहिली. संध्याकाळी आली ती तोंड पाडून.

"साहेब म्हणाले, घरी सासूबाई आहेत ना तुमच्या?"

हॅलोबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं आपलं तोंड पाहिलं नाही, त्या माणसानं आपल्याला परस्पर गृहीत धरून नियम केला!

"दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारायला काय जातंय त्याचं! मला पगार देतो का तो?"

"नको असेल तर तसं सांगा ना, आई."

"विचारलंस का कधी?"

सुनेनं पर्स खाली ठेवली. "विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी काय करणार होते?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन त्या रस्त्याच्या टोकाच्या पाळणाघरात गेल्या. फी ऐकून डोळे पांढरे झाले. सुनेचा निम्म्याहून जास्त पगार तिथंच गेला असता. मालकीण बोलत होती आणि कोपऱ्यात एक तान्हं टाहो फोडत होतं. हॅलोबाईंनी ते उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवर दोनदा थोपटलं. ते गप्प झालं.

"कामाला येता का?" मालकिणीनं विचारलं. "बायका टिकत नाहीत हो इथं."

का टिकत नाहीत, ते पगाराचा आकडा ऐकल्यावर कळलं. आईबाप फी भरता भरता मोडणार आणि पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या हाती चणेफुटाणे. मधले पैसे जागेचं भाडं खाणार, विमा खाणार आणि मालकीणही काही उपाशी दिसत नव्हती. तरी हॅलोबाई हो म्हणाल्या. कुणीतरी 'येता का' असं विचारलं होतं.

घरात रणकंदन झालं. "स्वतःचा नातू टाकून लोकांची पोरं सांभाळणार?" लेक ओरडला.

"त्यालाही आणा की तिथं. फी भरा आणि आणा."

सून ओरडली नाही. "तुमची नोकरी गेली म्हणून माझीही जावी, असंच ना?"

हॅलोबाईंनी तोंड फिरवलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

पण सुनेनं नोकरी सोडली नाही. एका हातानं पगार घेऊन दुसऱ्या हातानं पाळणाघरात द्यायला लागली. तिथला नियम असा, की कामवालीचं घरचं मूल तिच्या खोलीत ठेवायचं नाही, आणि सगळ्याच मुलांनी तिला मावशी म्हणायचं. बाकीची पोरं हिरमुसायला नकोत. नातू पलीकडून काचेला नाक लावून आजीकडे बघत रडायचा. हॅलोबाईंच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर असायचं. आठवडाभरानं तो रडायचा थांबला. त्यांना हायसं वाटलं आणि वाईटही.

पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला सुनेचे तास नुकते भरत. ती धापा टाकत पोचायची तेव्हा तिचं एकटीचंच पोर उरलेलं असायचं आणि दारात हॅलोबाई.

"उशीर झालाय. दंड भरावा लागेल."

"आई, मी आहे."

"दिसतंय. सही कर."

सुनेनं सही केली. "हा दंड जातो कुणाला?"

"निम्मा मालकिणीला, निम्मा मला. उशिराचे वेगळे मिळतात."

सून हसली. ते हसू चांगलं नव्हतं. मग तिघं एकाच रस्त्यानं, एकाच घरी गेली. असं रोजच होऊ लागलं.

एका रात्री सगळे जेवायला बसले होते. नातवानं रिकामा पेला पुढे धरला.

"मावशी, पाणी."

लेक खो खो हसला. हॅलोबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. 'अरे, आजी म्हण' असं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात सून शांतपणे म्हणाली,

"द्या ना, मावशी. की घरचे वेगळे पडतील?"

हॅलोबाईंनी उठून पेला भरला आणि नातवाच्या हातात दिला.

"थँक्यू, मावशी," नातू म्हणाला. असं म्हणायला पाळणाघरातल्या सगळ्या मुलांना हॅलोबाईंनीच शिकवलं होतं.