सांगतोय का मागतोय

टेलिफोन वाजला की हवालदार आधी हातातली पेन्सिल कानामागं खोचत. मग रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत आणि पलीकडच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणत, "ठेवा. आमी लावतो." आणि खरोखरच ठेवून देत. मग ड्रॉवरमधली वही निघे. तीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले नंबर होते. त्यातला हवा तो शोधून ते फोन लावत आणि मघाशी बोलणारा माणूस खरंच तिथं बसलाय का, याची खात्री करून घेत. सांगलीच्या ऑफिसातले मोठे साहेबही यातून सुटले नव्हते.

तुम्हीही एखाद्या कचेरीत असा माणूस पाहिला असेल. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण काहीतरी चोरून आणलंय असं आपल्यालाच वाटू लागतं. आमच्या पलूसच्या शाखेत ते आवक-जावकच्या टेबलावर बसत. येणारं टपाल, जाणारं टपाल आणि फोन, एवढंच त्यांचं राज्य. पंधरा-सोळा वर्षं फौजेत, सिग्नल्समध्ये काढून ते बँकेत आले होते. घरी ऊस होता, गावात मान होता. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळे हवालदारच म्हणत.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कवठे महांकाळकडच्या एका खेड्यातली. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. मॅट्रिकच्या पुढं गेलेली घरातली मी पहिली, आणि बी. कॉम. झालेली तर आमच्या सगळ्या वस्तीतली. वडील कुपवाडला एका कारखान्यात मालाची चढउतार करत. गावच्या शाळेतल्या बाईंनी माझी फी भरली नसती तर मी आज हे लिहिलं नसतं. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी एक दिवसाची रजा काढली, पांढरा सदरा इस्त्री करून घेतला आणि मला पोचवायला पलूसला आले.

मी पत्र हवालदारांपुढं ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं. शिक्का अंगठ्यानं घासून बघितला.

"कुणी पाठवलं?"

"सांगलीच्या ऑफिसनं."

"ते तुमी म्हणताय. हितंच थांबा."

आणि फोन लावून, खातेदारांनी भरलेल्या हॉलमध्ये, खड्या आवाजात त्यांनी विचारलं, "एक बाई आल्यात. पत्र घिऊन आल्यात. खऱ्या हायत का?"

सांगलीला कुणीतरी फाईल शोधत होतं. आम्ही बापलेक वीस मिनिटं उभे. वडिलांनी हात जोडलेले होते, ते तसेच जोडलेले राहिले. मी माझं आडनाव सांगताना हवालदारांच्या चेहऱ्याकडं बघितलं होतं आणि तिथं जे दिसायचं ते दिसलं, असं मी ठरवून टाकलं. पुढं महिन्याभरानं पुण्याचे एक नवे अधिकारी बदलून आले. हवालदारांनी त्यांनाही दाराशी अर्धा तास उभं केलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. राग मात्र गेला नाही.

आमच्या भागात घराआड एक माणूस फौजेत. त्यामुळं शाखेत पेन्शनची खाती भरपूर, आणि ती चालवणाऱ्या बायका. त्यांना अधूनमधून पत्रं येत: तुमच्या खात्यात घोटाळा सापडलाय, पासबुक अमुक पत्त्यावर पाठवा, कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवा, आमचा माणूस येईल. काही पत्रं खरोखर बँकेचीही असत. बायका दोन्ही पत्रं एकाच पिशवीत घालून हवालदारांकडं येत.

"आवं मावशी, वाचून काय इचारताय? ह्यो तुमाला सांगतोय का मागतोय?"

"मला काय कळतंय बाबा?"

"कळतंय की. 'तुमच्या खात्यात गडबड हाय, बँकेत या,' हे सांगणं झालं. 'गडबड हाय, सही द्या,' हे मागणं. सांगणाऱ्याचं ऐकायचं. मागणाऱ्याला दारातनंच वाटंला लावायचं."

"आन् लय घाई केली तर?"

"मग तर पक्का चोर. खरा असंल त्यो थांबतोय. खोट्याचीच एसटी चुकत असती."

यावर हसणाऱ्या म्हातारीकडंही ते डोळे वटारून बघत. त्यांचं बरोबर आहे हे मला कळत होतं. पण बरोबर माणूस इतका कडवट कशाला हवा, असं वाटे.

मी नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सहा महिने भरले की कायम होणार होते. घरी वडिलांनी दिवस मोजायला भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं. त्याच सुमाराला दुसऱ्या एका शाखेत खोट्या सह्यांनी पैसे काढल्याचं उघड झालं आणि सांगलीहून निरोप आला, खातेदारांना सावध करा, जुन्या सह्या नव्यानं घ्या. माझं मराठी चांगलं म्हणून मॅनेजरसाहेबांनी पत्र लिहायचं काम मला दिलं.

मी जीव ओतून लिहिलं. 'आपल्या खात्याच्या सुरक्षिततेसाठी' अशी सुरुवात केली. पासबुक आणि दोन सह्यांचे नमुने आठ दिवसांत द्यावेत, अन्यथा व्यवहार थांबवले जातील, असं बजावलं. म्हाताऱ्या माणसांना एसटीचा त्रास नको म्हणून माझ्या मनानं एक ओळ घातली: शाखेत येणे शक्य नसल्यास बँकेच्या प्रतिनिधीकडे दिले तरी चालेल. माझ्या डोळ्यांपुढं आमचे पिग्मी एजंट होते, सायकलवरून दुकानं हिंडून रोजची बचत गोळा करणारे. त्यांना सारं पलूस ओळखत होतं. साहेबांनी न वाचता सही ठोकली. सायक्लोस्टाईलवर तीनशे प्रती निघाल्या. चाळीस साहेबांच्या टेबलावर राहिल्या, बाकीच्या टपालात टाकायला हवालदारांकडं गेल्या.

त्यांनी वरची प्रत वाचली. पुन्हा वाचली.

"बाई, हे तुमी लिवलं?"

"हो."

"चोरानं लिवल्यावानी झालंय."

हॉलमध्ये सगळ्यांनी माना वर केल्या.

"काय म्हणालात?"

"पासबुक मागितलंय. सही मागितलीय. आठ दिवसाची घाई लावलीय, धमकी दिलीय, वर माणूस घरी येतोय म्हणून सांगितलंय. मागं काय ठिवलंय? ही मी टाकत न्हाई."

मी खूप दिवस साठवलं होतं. ते सगळं एकदम बाहेर आलं.

"साहेबांची सही आहे त्यावर. तुम्हाला कुणी वाचायला सांगितलं? तुम्ही तिकिटं चिकटवा."

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी शांत. त्यांनी गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या टेबलावरच्या उरलेल्या चाळीस प्रती घेतल्या, पाकिटं केली आणि स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले. येताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी एक मावशी काउंटरला आल्या आणि पासबुक परत कधी मिळणार म्हणून विचारू लागल्या.

"कुणाकडं दिलंत?"

"तुमच्याच मानसाकडं की. चांगला बूटबीट घातलेला. त्याच्याकडं पत्र हुतं, मला आलंय तसंच. म्हणला, हे बघा मावशी, तुमचंबी हेच हाय न्हवं? मग मी दिली सही."

कुणीतरी माझ्या पत्राची झेरॉक्स काढली होती. ती दाखवत तो वाडीवस्तीवर फिरला होता. आम्ही ज्याच्यापासून सावध करत होतो, त्याच्या हातात ओळखपत्र मीच दिलं होतं.

हवालदार खुर्चीतून उठले. मी त्यांना काउंटरच्या आत धावताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मावशींचं खातं थांबवलं, चाळीस पाकिटांची यादी माझ्या हातातून ओढून घेतली, शेजारच्या शाखांना फोन लावले. तिघांची पासबुकं गेली होती. दोघांचं वाचलं. तिसऱ्याचे पैसे त्याच सकाळी आमच्याच खिडकीतून गेले होते. बँकेनं ते पुढं भरून दिले, पण तो बूटवाला काही सापडला नाही.

त्यानंतर शाखेत माझ्याशी कुणी बोलेना. चहा यायचा, माझा कप माझ्यापुढं ठेवला जायचा, एवढंच. एकदा पाठीमागं कॅशियर मुद्दाम ऐकू येईल असं म्हणाला, "कोट्यातनं भरल्यावर असंच व्हायचं." हवालदार चार हातांवर बसले होते. ते पाकिटांना डिंक लावत राहिले. मी तेही त्यांच्या नावावर लिहून ठेवलं.

चौकशीला सांगलीहून अधिकारी आले. हवालदारांनी त्यांनाही थांबवलं, ओळखपत्र मागितलं, सांगलीला फोन केला. अधिकारी तापले. "मी चौकशी करायला आलोय की द्यायला?" हवालदार म्हणाले, "आधी तुमची हुऊ द्या, मग आमची करा." एरवी शाखा हसली असती.

मग साहेबांच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. साहेब म्हणाले, मसुदा बाईंचा. बाकीच्यांनी काय सांगितलं ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. हवालदार तासभर आत होते. त्यांनी लेखी दिलं. बाहेर आले, माझ्याकडं न बघता टेबलाशी गेले आणि टपालावर शिक्के मारायला लागले. संपलं, मी मनात म्हटलं. घरी काय सांगायचं, एवढाच विचार करत मी संध्याकाळपर्यंत बसले. वडिलांनी कारखान्यात पेढे वाटायचं ठरवून ठेवलं होतं.

नोकरी गेली नाही. कायम होणं सहा महिने पुढं ढकललं आणि पत्र पुन्हा लिहा, असा हुकूम आला. ते हवालदारांना दाखवल्याशिवाय जाऊ नये, असंही त्यात होतं.

ते दिवस मी विसरणार नाही. मी मसुदा न्यायचा, त्यांनी पेन्सिलनं मारायचा.

"'कृपया' काढा. चोर लय कृपया करतोय."

"'त्वरित' कशाला? आपल्याला कुठं पळायचंय?"

"मग लिहू तरी काय?"

"जे हाय ते. काय मागू नका. कायबी. बाई, तुमाला मागायची सवय का लागलीय?"

यावर मी कागद फाडला आणि रडले. त्यांनी नवा कोरा कागद पुढं सरकवला. दहा वेळा खोडलं. अकरावं पत्र चार ओळींचं झालं: 'काही खात्यांवर खोट्या सह्या झाल्या आहेत. बँकेचा माणूस सही किंवा पासबुक मागायला तुमच्या घरी येणार नाही. कुणी आला तर देऊ नका, हे पत्र दाखवून मागितले तरी देऊ नका. हे पत्रही खरे आहे का, ते शाखेत येऊन विचारा.' हवालदारांनी ते वाचलं आणि तीनशे पाकिटांना तिकिटं लावली. पत्र बरं झालं असं ते म्हणाले नाहीत. आभार मीही मानले नाहीत.

पुढं कित्येक दिवस लोक येत राहिले. हातात पत्र, चेहऱ्यावर संशय. "खरंय का हे?" हवालदार खेकसत, "व्हय! आन् इचारलं ते बरं केलं!"

मी कायम झाले. त्याच वर्षी हवालदार निवृत्त झाले. निरोपाला शाल-नारळ घेतला, भाषण केलं नाही. माझ्याकडं आवक-जावकचा चार्ज आला तेव्हा कात्री, डिंक, शिक्के, प्रत्येक वस्तूपुढं त्यांनी माझी सही घेतली आणि छत्री उचलून गेले. मला सुटल्यासारखं झालं. कुणी त्यांचा विषय काढला की मी माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायची आणि ऐकणारे माझ्या बाजूचे व्हायचे.

दशक संपत आलं तेव्हा मी अधिकारी होऊन सांगलीच्या ऑफिसात होते. कपाटं बदलताना कर्मचाऱ्यांच्या जुन्या फायली माझ्या हातावरून गेल्या. त्यात माझी होती. उघडायला नको होती. उघडली.

साहेबांचं म्हणणं होतं, कॅशियरचं होतं. त्यांच्यामागं निळ्या शाईत, मोठ्या टपोऱ्या अक्षरांत हवालदारांचं निवेदन. माझी प्रत्येक चूक त्यात होती, वारासकट, वेळेसकट. ड्रॉवरला लावलेलं कुलूपही होतं, 'मी साहेबांचा हुकूम मोडला' असं. पोस्टात मी किती पाकिटं टाकली तेही होतं. एक शब्द वाढवलेला नव्हता, एक कमी नव्हता. आणि सहीच्या वर शेवटचा परिच्छेद:

'माझे व या बाईंचे पटत नाही. त्यांनी मला तिकिटे चिकटवा म्हटले म्हणून माझा त्यांच्यावर राग आहे. दुसरे कारण नाही. तरी वरील मजकूर रागावलेल्या माणसाने लिहिला आहे हे ध्यानात घेऊन तो तपासून घ्यावा, व केवळ माझ्या सांगण्यावरून त्यांची नोकरी घालवू नये.'

समासात लाल शाईनं कुणीतरी रेघ ओढली होती.

मी पलूसच्या शाखेला फोन केला. हवालदार आता कुठं असतात, म्हणून विचारलं. तिकडचा नवा कारकून चांगला बोलका होता. मागल्या उन्हाळ्यातच गेले, म्हणाला. उसाला पाणी पाजताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. "का मॅडम? काही काम होतं का त्यांच्याकडं?"

मी नाही म्हटलं. मग फाईल बांधली, तिच्या नंबराच्या जागी लावली आणि त्या दिवशी दुसरी कुठलीही फाईल उघडली नाही.