जोड श्रावण

आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत कुणी पाहुणा आला की माझा चुलतभाऊ त्याला कोडं घालायचा. "मी हिच्यापेक्षा मोठा. दोघं एकाच वर्षी जन्मलो. तरी वाढदिवस दरवर्षी हिचाच आधी. सांगा, कसं?"

आमच्या घरात वाढदिवस तारखेने नव्हे, तिथीने होत. आम्ही जन्मलो त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला होता आणि श्रावण दोनदा झाला. तो पहिल्या श्रावणाच्या अखेरीस जन्मला आणि मी दुसऱ्याच्या सुरुवातीला. तो जेमतेम आठवडाभराने मोठा. पण एरवी श्रावण एकच. त्याच्या सुरुवातीला माझी तिथी येई, अखेरीला त्याची. पाटावर आधी मी बसायची, आणि शिरवाळ्यांची, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवयांची, पहिली वाटीही माझी.

"दादा म्हण मला," तो म्हणायचा.

"आधी वाढदिवस आण, मग म्हणते."

असा जोड श्रावण फार वर्षांनी येतो. एकदा येऊन गेला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तारखेला केक कापत होतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढचा आला तेव्हा तो आजारी होता, घाटकोपरला काकूपाशी. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं त्या दिवशी त्याने माझ्याकडून पानं उलटून घेतली. दोन श्रावण दिसले तसा हसला.

"या वर्षी मी आधी. वाट लागली तुझी."

"तोपर्यंत विसरशील."

"मी नाही विसरणार. तिथपर्यंत पोचलो म्हणजे झालं."

मी पानं पुन्हा जागेवर आणली. पुढे प्रत्येक महिन्याचं पान उलटताना तो दिवस त्याला मिळू दे, एवढंच मागत असे. देवाकडे की डॉक्टरांकडे, कळत नसे.

मिळाला. अंधेरीहून मेट्रोने सकाळीच गेले. पाटावर बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खुर्चीच पूर्वेकडे फिरवली. स्वयंपाकघरात काकू नारळाचा रस काढत होती, मिक्सर चालू होता. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अंगठी-सुपारी ओवाळली, निरांजन फिरवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. वसुलीला आल्यासारखा.

"दादा," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं. मिक्सर आहे ना."

"दादा."

"हां. आता वाटी आण."

दोन घास खाल्ले त्याने. पुढच्या आठवड्यात माझ्या तिथीला फोनवर म्हणाला, "लहान आहेस, जपून राहा." थंडीत तो गेला. त्याआधी दादा म्हणायची सवय मला लागून गेली होती. पंचांगात तो वाढीव महिना कुणी, कशासाठी घातला, त्याचं गणित मी नंतर पुस्तकांत वाचलं. सगळं कळलं असं नाही. पण ज्यांनी घातला त्यांचे मनात आभार मानते.

यंदाचा श्रावण एकच. माझी तिथी पुन्हा आधी आली. मी काकूला फोन केला.

"दादाच्या तिथीला येते. शिरवाळे मी करीन."

पलीकडून काकूने विचारलं,

"तू गं कधीपासून त्याला दादा म्हणायला लागलीस?"

"त्याचा वाढदिवस आधी आला होता ना, तेव्हापासून."

"मला नाही सांगितलंन त्याने," काकू म्हणाली. मग म्हणाली, "लवकर ये. नारळ मी फोडून ठेवते."