उजाडताना लागणारी ओढ

आमचे सासरे दोरीशी बोलतात, असं धक्क्यावर सगळे म्हणायचे. मी त्यांना मामा म्हणतो आणि त्यांच्याच बोटीवर इंजिन सांभाळतो. जाळं पाण्यात असलं की मामा वरच्या दोरीचा एक वेढा उजव्या मनगटाला घालून डोळे मिटून बसत आणि जाळ्यात काय आलंय ते सांगत. अंदाज चुकत नसे. मामी मात्र त्या वेढ्यावरून रोज तोंडसुख घेत. मामा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत.

मत्स्यसंस्थेतल्या बाई एकदा एका दुर्मिळ शार्कचं चित्र घेऊन धक्क्यावर आल्या. डोकं अवाढव्य, तोंड पेटीचं झाकण उघडावं तसं, अंग लिबलिबीत. तो तोंडभर पाणी घेतो, त्यातली बारीक कोळंबी कल्ल्यांतल्या चाळणीत अडकवतो आणि पाणी सोडून देतो, असं त्या म्हणाल्या. कोळंबी रात्री वर येते, म्हणून तोही येतो. उजाडलं की दोघं खोल अंधारात उतरतात. मामांनी एवढंच विचारलं, की दात केवढे. तांदळाच्या कणीएवढे, बाई म्हणाल्या. मामा हसले. आमच्या धंद्यात शार्कला तोंडावरून जोखतात. दात नाहीत म्हटल्यावर पुढचं कोण लक्षात ठेवतो?

तो आमच्याच जाळ्यात आला. बोटीच्या निम्म्या लांबीचा, वरच्या ओठावर पांढरा पट्टा. पहाटेच्या अंधारात ओल्या गादीसारखा गप्प पडून होता. मामांना त्याची दया आली, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी वाटेल ते बरळून घेतलं. त्यांनी जाळं फाडून त्याला मोकळं केलं आणि जिवंतच बाईंपर्यंत न्यायचं ठरवलं. शेपटीला दोर बांधला, त्यांच्या त्या गाठीने, जी त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नसे. दुसरं टोक मागच्या खुंट्याला आवळलं, आणि धुगधुगी आहे का कळावं म्हणून मधे एक वेढा मनगटाला घेतला. मी नको म्हटलं.

"अहो जावईबापू, हा काय चावणार आहे?" ते म्हणाले.

चावला नाहीच. पूर्वेला फटफटलं आणि तो हलला. झटका नाही, धडपड नाही. नुसता खाली निघाला, रोजच्यासारखा. वेढा आवळत गेला. मामांचा चेहरा बघताच मी सुरी काढली. मी त्यांच्या हातापलीकडे वाकून दोर कापला आणि उरलेला दोर माशामागून पाण्यात गेला. हात डॉक्टरांना वाचवता आला नाही.

आता मामा घरीच असतात. दिवसा ठीक असतात. नातीशी पत्ते खेळतात, डाव्या हाताने लबाडीसुद्धा करतात. पण उजाडायच्या वेळेला नसलेलं मनगट कुणीतरी खाली ओढतं म्हणतात, आणि उठून धक्क्याकडे चालू लागतात. दोनदा मी त्यांना छातीभर पाण्यातून परत आणलं. कापलेल्या अवयवाचा असा भास होतो, असं डॉक्टर म्हणतात. मला भीती वाटते ती भासाची नाही, पाण्याची. मामी पहाटे दाराला कडी घालून तिथेच बसतात.

काल मीही बसलो होतो. खिडकी उजळली तसा मामांचा उजवा खांदा हळूहळू खाली झुकला.

"माझी गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही, तुम्हाला माहीत आहे," ते हलकेच म्हणाले. "त्या बिचाऱ्याच्या शेपटीला ती तशीच आहे. मलाच जायला हवं."

मामींनी कडीवरचा हात काढला नाही.