उष्ट्या हळदीबरोबर गेलेली बातमी

वजन उतरवलेल्या माणसाचं सगळं जग कौतुक करतं. माझंही झालं. एकशे अठरा किलोंवरून मी बहात्तरवर आलो, तेव्हा सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या बोळात लोक मला थांबवून विचारायचे, काय खातोस, किती चालतोस. मी हौसेनं सांगायचो. एक गोष्ट मात्र सांगत नव्हतो. पोट गेलं, गाल गेले, मानेवरची वळी गेली, छाती मात्र गेली नाही. ती रिकामी होऊन खाली लोंबली, म्हाताऱ्या बाईसारखी. आज हे लिहितो आहे, तेव्हा ओठांवर आणणंही शक्य नव्हतं.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीच्या मापांचं कापड कापायचं, हा माझा धंदा. स्वतःसाठी मी एक युक्ती काढली होती. शर्टाला दोन्ही बाजूंना झाकणाचे मोठे खिसे, दोन्हींत टेप, खडू, डायरी असं काहीबाही कोंबलेलं. आत दोन बनियन. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बाकीचे कारागीर बनियनवर काम करायचे आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावून. ते मला चेष्टेनं साहेब म्हणायचे. म्हणू दे म्हटलं.

मग लग्न ठरलं. मुलगी मोडनिंबची. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं एकदाच मान वर केली आणि हसली. आपलंही सगळ्यांसारखं होऊ शकतं, असं मला त्या दिवशी वाटलं. घरी येईपर्यंत तो आनंद टिकला. लग्न झालं की कधीतरी शर्ट काढावा लागणार, हे त्यानंतर डोक्यात शिरलं ते निघेचना.

पुण्यातल्या एका सर्जनकडे गेलो. घरी सांगितलं, मालकानं नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलंय. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, चालून चरबी जाते, स्तनाची ग्रंथी जात नाही, आणि इतकं ताणलेलं कातडं परत आवळत नाही. पुष्कळ पुरुषांना असतं, लाजण्यासारखं काही नाही. त्यानं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. ग्रंथी आणि जादा कातडं काढू, दोन्ही बाजूंना छातीखाली आडवा व्रण राहील, हळूहळू फिका पडेल, म्हणाला. घरचं कोणी सोबत आहे का, असं विचारलं. मी ठोकून दिलं, कारखान्यातला एकजण येईल. आईला काय तोंडानं सांगणार होतो?

ऑपरेशन नीट झालं. पुढं जे झालं त्यात त्या डॉक्टरचा काडीइतका दोष नाही. सहा आठवडे अंगाला घट्ट बसणारं इलॅस्टिकचं जाकीट घालायचं होतं. मी आठव्या आठवड्यातही घालत होतो. काढलं तर पूर्वीसारखं होईल, अशी खुळी भीती. एकदा आरशात सपाट छाती बघून मी रडलो होतो, आनंदानं. तेवढं एक माझ्या पदरात पडलं.

आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लावतात आणि उरलेली, म्हणजे उष्टी हळद, सवाष्णी नवरीच्या घरी घेऊन जातात. माझे वडील वारलेले. म्हणून आई पुढं आली नाही, आत भाकऱ्या थापत बसली. स्वतःच्या एकुलत्या एका पोराला हळद लावायची नाही, हा कुठला न्याय, मला कळत नाही. मी जाकिटावर बनियन चढवून पाटावर बसलो. गालांना, हातापायांना हळद लागली. निभावलं असं वाटलं. मग न्हाण. मावशीनं तांब्यानं पाणी ओतलं, पाठीवर हात फिरवला आणि थांबली.

"आत काय घातलंयस रं हे?"

"पट्टा आहे. पाठ दुखते."

"न्हाताना कुटं पट्टा घालत्यात व्हय? काढ की."

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं बनियन वर ओढलं आणि मावसवहिनीनं जाकिटाची चेन उघडली. हळदीच्या दिवशी नवरदेवाचं कोण ऐकतंय? बायका हसत होत्या. मग दोन लांब, लालसर व्रण दिसले आणि हसणं बंद झालं.

"ऑपरेशन हाय हे," मावशी म्हणाली.

"काळजाचं असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

बायपासची खूण छातीच्या मधोमध उभी असते, पण ते तिथं कुणाला ठाऊक? "आता बाजूनं करत्यात," असं ज्ञानही एकीनं पाजळलं. मावशीनं माझी हनुवटी धरली. "खरं सांग. काळजाचं हाय?"

मी होय म्हणून मान हलवली. त्या बायकांसमोर मला काळजाचा रोगी होणं सोपं वाटलं.

उष्टी हळद दुपारी मोडनिंबला गेली. बातमीही त्याच जीपमध्ये बसून गेली. संध्याकाळी मुलीचे वडील आणि चुलते आले. भांडले असते तर बरं झालं असतं. वडील माझ्याशेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाय. पण लपवायला नको हुतं. जाणूनबुजून पोरगी कशी द्यायची, तुमीच सांगा."

मांडवात पाचपंचवीस माणसं कान टवकारून होती. माझं हृदय ठणठणीत आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, मग ऑपरेशन कशाचं? त्या प्रश्नापुढं मला लग्न मोडणं परवडलं. ते उठून गेले.

आईनं त्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, "एकटाच पडून हुतास तितं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाजीतलं मीठ कमी झालं, शेंगाचटणी बंद झाली. सिलिंडर मला हलवू देईना, पाण्याच्या कळशा स्वतः वर चढवायची. पूर्वी माझ्याशी कडाकडा भांडणारी आई, आता दार लावतानाही आवाज करायची नाही. काळजाच्या म्हणून तिला दाखवायला मी शक्तीच्या गोळ्या आणून ठेवल्या. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दीड वर्ष गेलं. रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड व्हायचं. मी भित्रा माणूस आहे, दुसरं कारण नाही.

एका दुपारी शेजारच्या काकूंचा कारखान्यात फोन आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आई गेली होती. हार्ट अटॅक. कधीपासून दुखत होतं, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आजच असेल. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

"चार दिस दुकत हुतं. डावा हात बी. मी म्हनले, पोराला सांग की. तर म्हनली, त्याचं काळीज आदीच नाजूक हाय, भ्यालं तर जाईल पोरगं. माजं हुईल बरं."

तेव्हा मी बोललो. काकू, मला काहीच झालेलं नाही, कधीच नव्हतं, ते ऑपरेशन छातीवरचं लोंबणारं मांस काढायचं होतं, मी खोटं बोललो. शर्टाची बटणं काढून त्यांना व्रण दाखवले, हे बघा, हे बघा म्हणत. काकूंनी माझी बटणं एकेक करून परत लावली आणि नर्सला हाक मारली.

"बाई, जरा ह्याला बी बघा की. काळजाचं पेशंट हाय, धक्क्यानं काईबी बोलायलंय."

मग दोघींनी मला दंडाला धरून बाकावर आडवं केलं.